मोझांबिकचा पोरगा, सगळ्यांचा युसेबिओ

मित्रांनो, समजा तुमच्या शाळेच्या संघाचा फुटबॉलचा सामना चालू आहे. पंचवीस मिनिटं झालीत आणि तुम्ही तीन गोलांनी मागे आहात. समोरचा संघ असा, की महिन्याभरापूर्वी कुणी त्याचं नाव घेतलं असतं तर तुम्ही हसला असता. प्रेक्षकही त्याच्याच बाजूने ओरडताहेत. आता काय कराल? एकमेकांवर खेकसाल? गोलरक्षकाच्या नावाने खडे फोडाल? की पंचांकडे बघून हातवारे कराल?

२३ जुलै १९६६ रोजी नेमकी हीच पाळी पोर्तुगालवर आली होती. ठिकाण होतं इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरातलं गुडिसन पार्क मैदान. सामना होता वर्ल्ड कपच्या उपांत्यपूर्व फेरीचा आणि समोर होता चक्क उत्तर कोरिया! पण त्यांना लिंबूटिंबू समजायची सोय नव्हती. चारच दिवस आधी त्यांनी इटलीसारख्या दादा संघाला १-० ने हरवून घरी पाठवलं होतं. पोर्तुगालविरुद्ध तर त्यांनी पहिल्याच मिनिटाला गोल ठोकला. २२ व्या मिनिटाला दुसरा आणि २५ व्या मिनिटाला तिसरा. पोर्तुगालचा हा पहिलावहिला वर्ल्ड कप. त्या काळी वर्ल्ड कपमध्ये बदली खेळाडू उतरवायची सोयही नव्हती. मैदानात जे अकरा जण होते, त्यांनीच काय ते निस्तरायचं!

२७ व्या मिनिटाला १३ नंबरचा शर्ट घातलेल्या एका खेळाडूने पोर्तुगालचा पहिला गोल केला. गोल झाल्यावर खेळाडू काय करतात ते तुम्ही टीव्हीवर बघताच. कुणी कोलांटी मारतो, कुणी कोपऱ्यातल्या झेंड्याशी नाच करतो. या पठ्ठ्याने काय केलं? जाळ्यात शिरून चेंडू उचलला, काखोटीला मारला आणि धावत मध्यावर आणून ठेवला. चला, खेळ सुरू करा!

४३ व्या मिनिटाला त्याने पेनल्टीवर दुसरा गोल केला. मध्यंतरानंतर ५६ व्या मिनिटाला तिसरा. झाली बरोबरी! मग तीनच मिनिटांनी डाव्या बगलेवरून तो असा सुसाट सुटला, की त्याला पाडल्याशिवाय कोरियाच्या बचावपटूंना गत्यंतर उरलं नाही. पुन्हा पेनल्टी. घेतली त्यानेच आणि गोलही झाला. शेवटी जुझे आगुस्तोने पाचव्या गोलाची भर घातली. पोर्तुगाल ५, उत्तर कोरिया ३. पाचांपैकी चार गोल एकट्याचे!

त्याचं नाव युसेबिओ दा सिल्वा फरेरा. जग त्याला नुसतं युसेबिओ म्हणतं. तुमच्यातल्या बहुतेकांना पोर्तुगाल म्हटलं की क्रिस्टियानो रोनाल्डो आठवत असेल. पण रोनाल्डोचा जन्म १९८५ चा. त्याच्या कितीतरी आधी 'पोर्तुगाल म्हणजे युसेबिओ' असं समीकरण जगभर होऊन बसलं होतं. गंमत म्हणजे हा पोर्तुगालचा लाडका पोर्तुगालमध्ये जन्मलाच नव्हता!

मोज्याचा चेंडू

जरा नकाशा उघडा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मादागास्कर बेटाच्या समोर, मोझांबिक नावाचा देश आहे. त्याच्या राजधानीला आज मापुटो म्हणतात. तेव्हा ती होती लोरेन्सु मार्किश. मोझांबिकवर पोर्तुगालचं राज्य होतं. आपला गोवाही तेव्हा पोर्तुगालच्याच ताब्यात होता. म्हणजे जो झेंडा पणजीत फडकत होता, तोच तिथेही!

या शहरातल्या माफालाला नावाच्या गरीब वस्तीत २५ जानेवारी १९४२ रोजी युसेबिओ जन्मला. पत्र्याची घरं, मातीचे रस्ते. वडील रेल्वेत कामाला होते. युसेबिओ आठ वर्षांचा असताना ते धनुर्वाताने गेले. मागे आई एलिसा आणि मुलंबाळं. शाळेत जायच्या वेळेला युसेबिओ असायचा मैदानावर. आई रागवायची, पण पोरगं कुठलं ऐकायला!

खेळायला खरा चेंडू नव्हता. मग या पोरांनी जुन्या मोज्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून चेंडू बनवला. पायांत बूट नव्हतेच. आणि संघाचं नाव काय ठेवलं, माहीत आहे? 'ब्राझीलवाले'! ब्राझीलच्या बड्या खेळाडूंची नावं हे पोरगे एकमेकांना वाटून घ्यायचे. आपल्या गल्लीत नाही का, एक जण तेंडुलकर होतो आणि दुसरा द्रविड, तसंच.

युसेबिओचा आवडता क्लब होता लिस्बनचा बेन्फिका. या क्लबशी जोडलेला एक संघ त्याच्या गावात होता. तिथे तो मोठ्या आशेने गेला. त्यांनी त्याला साधी संधीसुद्धा दिली नाही. हिरमुसलेला युसेबिओ मग दुसऱ्या संघात गेला. हा दुसरा संघ होता लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबची शाखा. आणि स्पोर्टिंग म्हणजे बेन्फिकाचा हाडवैरी! पुढे यावरूनच केवढं रामायण घडलं ते बघा.

'रुथ' नावाचा मुलगा

बेन्फिकाचे प्रशिक्षक होते बेला गुटमन, हंगेरीचे. एकदा लिस्बनमध्ये न्हाव्याच्या दुकानात त्यांना ब्राझीलचा जुना खेळाडू बाउएर भेटला, अशी गोष्ट सांगतात. बाउएर आफ्रिकेचा दौरा करून आला होता. त्याने सांगितलं, "तिकडे एक पोरगा पाहिलाय. त्याला सोडू नका." गुटमन दाढी-कटिंगला गेले आणि डोक्यात युसेबिओचं नाव घेऊन बाहेर आले!

डिसेंबर १९६० मध्ये अठरा वर्षांचा युसेबिओ विमानाने लिस्बनला उतरला. स्पोर्टिंगवाले म्हणाले, हा तर आमचा. बेन्फिकावाले म्हणाले, आम्ही आईशी करार केलाय, हा आमचा. पळवापळवी होऊ नये म्हणून बेन्फिकाने निरोपांमध्ये त्याचं टोपणनाव ठेवलं 'रुथ मालोसो'. म्हणजे मुलीचं नाव! काही दिवस तर त्याला दूर दक्षिणेला, समुद्रकाठच्या एका हॉटेलात लपवून ठेवलं. विचार करा, पहिल्यांदा घर सोडलेला पोरगा, परका देश, डिसेंबरची थंडी आणि खेळायलाही बंदी. भांडण मिटून कागदपत्रं पूर्ण व्हायला मे १९६१ उजाडला. २३ मे रोजी बेन्फिकाच्या शर्टात तो पहिला सामना खेळला आणि त्याने तीन गोल केले. पाच महिने दाबून ठेवलेली स्प्रिंगच जणू सुटली!

पुढच्याच महिन्यात पॅरिसमध्ये बेन्फिकाची गाठ पडली पेलेच्या सांतोस संघाशी. सांतोसने बेन्फिकाचा पार धुव्वा उडवत आणला होता. तेव्हा गुटमननी या नवख्याला बदली म्हणून आत सोडलं. त्याने थोड्याच वेळात तीन गोल केले. बेन्फिका हरली ती हरलीच, ६-३. पण पेलेचे गोल दोन आणि या पोराचे तीन! दुसऱ्या दिवशी सगळे विचारू लागले, हा आहे तरी कोण?

उत्तर मिळायला वर्षसुद्धा लागलं नाही. २ मे १९६२, ॲम्स्टरडॅम, युरोपियन कपचा अंतिम सामना. समोर रेआल माद्रिद. त्यांच्याकडे पुश्काश आणि दी स्तेफानो. त्या काळात ही नावं नुसती घेतली तरी बचावपटूंना घाम फुटायचा. पुश्काशने मध्यंतरापूर्वीच तीन गोल केले. बेन्फिकाने बरोबरी साधली. मग युसेबिओने एक गोल पेनल्टीवर केला आणि एक फ्री किकवर. बेन्फिका ५, माद्रिद ३. लोकांनी वीस वर्षांच्या युसेबिओला खांद्यावर उचलून घेतलं. त्याच्या मुठीत एक शर्ट घट्ट धरलेला होता. तो होता दी स्तेफानोचा. लहानपणापासून ज्याला देव मानलं, त्याचा शर्ट! कप कुणीही सांभाळेल, शर्ट हरवता कामा नये, अशी ती मूठ होती.

ब्लॅक पँथर

युसेबिओ खेळायचा तरी कसा? वाऱ्यासारखा पळायचा. शंभर मीटरला त्याला साधारण ११ सेकंद लागायचे, असं सांगतात. त्यात उजव्या पायात तोफगोळ्याचा जोर. पेनल्टीच्या चौकोनाबाहेरून तो चेंडू हाणायचा आणि गोलरक्षकाचा हात उठेपर्यंत जाळं हललेलं असायचं. ही चपळाई पाहून लोकांनी त्याला नाव दिलं 'ब्लॅक पँथर', म्हणजे काळा बिबळ्या. आज कुणाला त्याच्या कातडीच्या रंगावरून नाव दिलेलं आपल्याला खटकतं आणि खटकायलाच हवं. पण त्या काळी हे नाव जगभर झालं आणि कायमचं चिकटलं.

आकडे हवेत ना? घ्या. बेन्फिकासाठी ४४० अधिकृत सामन्यांत ४७३ गोल. म्हणजे सामन्यामागे एकाहून जास्त! पोर्तुगालच्या लीगची ११ विजेतेपदं. सात वेळा लीगमध्ये सर्वांत जास्त गोल. १९६५ मध्ये युरोपातला सर्वोत्तम खेळाडू. १९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये ९ गोल, म्हणजे स्पर्धेतले सर्वांत जास्त. युरोपभरातल्या सगळ्या लीगमध्ये जो सर्वाधिक गोल करेल त्याला 'सोन्याचा बूट' देण्याची प्रथा १९६८ मध्ये सुरू झाली. पहिला बूट कुणाला? युसेबिओला! ज्या पायांना लहानपणी बूटच नव्हता, त्या पायांना.

राष्ट्राची ठेव

एवढा मोठा खेळाडू म्हटल्यावर इटलीतले श्रीमंत क्लब थोडेच गप्प बसणार? त्यांनी थैल्या मोकळ्या सोडल्या. पण पोर्तुगालात तेव्हा सालाझार नावाच्या हुकूमशहाची सत्ता होती. 'युसेबिओ ही राष्ट्राची ठेव आहे, त्याला देशाबाहेर जाता येणार नाही,' असं त्याला सांगण्यात आलं. ही हकीकत युसेबिओ स्वतःच पुढे सांगायचा. ऐकायला हा किती मोठा मान वाटतो! पण नीट विचार करा. ठेव कशाची असते? दागिन्यांची, पैशांची. जिवंत माणसाची नव्हे. कुठे खेळायचं हे ठरवायचा हक्कच त्याच्याकडून काढून घेतला होता.

यामागे आणखी एक कारण होतं. सालाझार जगाला सांगत होता, 'आफ्रिकेत आमच्या वसाहती नाहीतच, तो आमच्याच देशाचा भाग आहे.' डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला, तरी पोर्तुगालने ते मान्य करायला १९७४ साल उजाडावं लागलं. १९६४ मध्ये मोझांबिकमध्येही स्वातंत्र्याचा लढा पेटला. अशा वेळी मोझांबिकचा युसेबिओ आणि मोझांबिकचाच मारिओ कोलुना पोर्तुगालच्या शर्टात धावताहेत, कोलुना तर संघाचा कप्तान आहे, हे चित्र सालाझारच्या सरकारला फार सोयीचं होतं. 'बघा, आमच्याकडे सगळे समान!' तिकडे माफालालामध्ये मात्र घरांवर तेच पत्रे होते.

युसेबिओने राजकारणावर भाषणं केली नाहीत. काही जणांना त्याचं हे गप्प राहणं पटलं नाही. त्याने बोलायला हवं होतं का? आणि हुकूमशहाच्या राज्यात, आई आणि भावंडं दूर मोझांबिकमध्ये असताना, ते सोपं होतं का? जेवताना आई-बाबांशी यावर जरूर बोला. पटकन उत्तर मिळणार नाही, पण मजा येईल.

हरल्यावरचा युसेबिओ

आता मला खरं तर जे सांगायचंय ते सांगतो. आकडे सगळीकडे छापलेले असतात. पण युसेबिओ लोकांना इतका आवडला तो फक्त गोलांमुळे नाही. तो हरायचा कसा, हेही लोकांनी पाहिलं होतं.

कोरियाला हरवल्यावर तीनच दिवसांनी उपांत्य सामना होता. यजमान इंग्लंडशी, लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर. बॉबी चार्लटनने दोन गोल केले. ८२ व्या मिनिटाला युसेबिओने पेनल्टीवर एक फेडला. त्या स्पर्धेत इंग्लंडवर झालेला तो पहिलाच गोल! पण २-१ वर सामना संपला. युसेबिओ शर्टाने डोळे पुसत, हमसून हमसून रडत बाहेर पडला. त्या सामन्याला पोर्तुगालमध्ये 'अश्रूंचा सामना' असंच म्हणतात. 'पुरुषाने रडू नये' असं मानण्याचा तो काळ. पण कुणी त्याला हसलं नाही. इंग्लंडच्या लोकांनीसुद्धा तो क्षण जपून ठेवला. दोनच दिवसांनी तोच युसेबिओ तिसऱ्या क्रमांकासाठी सोव्हिएत युनियनशी खेळला आणि यशिनसारख्या बलाढ्य गोलरक्षकाला चकवून त्याने आणखी एक पेनल्टी मारली. पोर्तुगाल तिसरा आला.

दुसरा प्रसंग २९ मे १९६८ चा. पुन्हा वेम्ब्ली. युरोपियन कपचा अंतिम सामना, बेन्फिका विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. १-१ बरोबरी. वेळ संपत आलेली. आणि युसेबिओ एकटाच चेंडू घेऊन गोलसमोर पोचला! समोर फक्त गोलरक्षक ॲलेक्स स्टेपनी. युसेबिओने सगळा जीव एकवटून चेंडू हाणला. स्टेपनीने तो छातीशी कवटाळला. नुसता अडवला नाही, पकडला!

अशा वेळी तुम्ही-आम्ही काय करू? डोकं धरू, गवतावर लाथ मारू. युसेबिओने स्टेपनीची पाठ थोपटली आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या. युरोपचा कप हातातून निसटत होता आणि हा टाळ्या वाजवत होता! जादा वेळेत मँचेस्टरने तीन गोल केले आणि सामना ४-१ ने जिंकला. १९६२ नंतर युसेबिओ युरोपियन कपच्या तीन अंतिम सामन्यांत खेळला, १९६३, १९६५ आणि १९६८ मध्ये. तिन्ही हरला. पण त्या टाळ्या मँचेस्टरचे लोक अजून विसरलेले नाहीत.

आणि गुडघे? ते तर त्याचे कायमचे शत्रू. बचावपटू त्याला थांबवू शकत नव्हते, म्हणून पायांवर घाव घालायचे. डाव्या गुडघ्यावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या. दुखणं दाबून तो खेळत राहिला. १९७३ मध्ये, एकतीस वर्षांचा असताना, त्याने सोन्याचा बूट दुसऱ्यांदा मिळवला. ४० गोल!

तो कुणाचा?

एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालमध्ये क्रांती झाली आणि हुकूमशाही कोसळली. २५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाला. त्याच वर्षी युसेबिओने बेन्फिका सोडली. आता तो कुठेही जायला मोकळा होता. पण तोवर गुडघे थकले होते. अमेरिका, मेक्सिको, कॅनडा असं फिरत तो काही वर्षं खेळला. टोरांटोच्या संघाला त्याने १९७६ मध्ये उत्तर अमेरिकेचं विजेतेपदही मिळवून दिलं. मग तो लिस्बनला परतला आणि तिथेच राहिला.

मोझांबिकचे लोक म्हणतात, तो आमचा. पोर्तुगालचे म्हणतात, आमचा. खेळाडू कुणाचा, हा वाद आपल्याही अंगणात आलाय बरं का! डिसेंबर २०२१ मध्ये गोव्यात कळंगुटला रोनाल्डोचा पुतळा उभारला. तेव्हा काही गोवेकर संतापले. गोवा मुक्त होऊन साठ वर्षं होताहेत आणि पुतळा पोर्तुगीज खेळाडूचा? दुसरे म्हणाले, अहो, आमच्या पोरांना फुटबॉलची प्रेरणा मिळावी म्हणून तो आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. ज्या देशाने राज्य केलं त्याचा राग असू शकतो आणि त्याच देशाच्या खेळाडूवर जीवही जडू शकतो. युसेबिओच्या बाबतीत तर हे दोन्ही एकाच माणसात मिसळलं होतं.

५ जानेवारी २०१४ रोजी लिस्बनमध्ये युसेबिओचं निधन झालं. हृदय बंद पडलं. बहात्तरावा वाढदिवस वीस दिवसांवर होता. पोर्तुगालमध्ये तीन दिवस राष्ट्रीय दुखवटा पाळला गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची शवपेटी बेन्फिकाच्या मैदानावरून फिरवण्यात आली. बाहेर त्याचा पुतळा आहे. त्याच्याभोवती लोकांनी फुलं आणि मफलर ठेवले. त्यात स्पोर्टिंग आणि पोर्टो या कट्टर वैऱ्यांच्या रंगांचे मफलरही होते! आठवड्याभराने बेन्फिकाचा सामना पोर्टोशी झाला. बेन्फिकाचे खेळाडू मैदानात उतरले तेव्हा प्रत्येकाच्या पाठीवर एकच नाव होतं : युसेबिओ. अकराच्या अकरा युसेबिओ! सामना त्यांनीच जिंकला, २-०.

३ जुलै २०१५ रोजी त्याला लिस्बनच्या राष्ट्रीय स्मारकात, पँथिऑनमध्ये, चिरविश्रांती मिळाली. तिथे देशाचे राष्ट्राध्यक्ष आणि मोठमोठे लेखक आहेत. हा मान मिळालेला तो पहिलाच फुटबॉलपटू. शाळा बुडवून मोज्याच्या चेंडूमागे पळणारं माफालालाचं पोरगं आता या सगळ्या मंडळींच्या पंगतीला!

त्याचा आंतरराष्ट्रीय गोलांचा आकडा होता ६४ सामन्यांत ४१. तो २००५ मध्ये पाउलेताने ओलांडला, पुढे रोनाल्डोने तर कितीतरी मागे टाकला. ते व्हायचंच. विक्रम मोडण्यासाठीच असतात. तुम्हाला इंटरनेटवर १९६६ चा तो पोर्तुगाल-कोरिया सामना मिळाला, तर आई-बाबांसोबत जरूर बघा. एकच लक्षात ठेवा. पहिला गोल झाल्यावर चेंडूकडे बघू नका, १३ नंबरच्या पायांकडे बघा. ते कुठे धावताहेत ते बघा.

अच्छा दोस्तांनो, भेटू पुढच्या अंकात, नव्या खेळाडूसोबत!